कंपन्या दोन, नाली एक

बालाघाटहून गोंदियाला रेल्वेने जायचं तर ४० किलोमीटरच्या आसपासचं अंतर. वाटेत हट्टा रोड नावाचं छोटं स्टेशन लागतं, पुढे बाघ नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश संपून महाराष्ट्र सुरू होतो. माणसं सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात. पण बालाघाटच्या एका कॉम्प्युटरवरून गोंदियाच्या कॉम्प्युटरकडे निघालेलं डेटाचं पॅकेट कोणत्या वाटेने जातं, हे दोन्ही गावांतले दवाखाने जोडायला निघालेल्या एका तरुणीने कामाच्या सुरुवातीला तपासलं तेव्हा वेगळंच दिसलं. पॅकेट आधी उत्तरेला जबलपूरकडे जात होतं, तिथून मुंबई गाठत होतं आणि मुंबईहून जवळपास १,००० किलोमीटर मागे येऊन गोंदियात उतरत होतं. नदीपलीकडच्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा तर तो समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन येणार.

याला कारण आहे, आणि ते कॉम्प्युटरच्या शास्त्रात सापडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि गोंदिया एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे टेलिफोन आणि मोबाइलचे परवाने सर्कलनिहाय वाटले गेले तेव्हा साधारण याच राज्यांच्या रेषा धरल्या गेल्या. गोंदिया महाराष्ट्र सर्कलमध्ये, बालाघाट मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या सर्कलमध्ये. प्रत्येक कंपनीने आपापल्या सर्कलचं जाळं आपापल्या मोठ्या शहरांकडे ओढून नेलं आणि मोठ्या शहरांत ती जाळी एकमेकांना जोडली. बाघ नदीवर ती जोडायची गरज कुणाला वाटली नाही. नात्यागोत्याने, बाजाराने, दवाखान्याने एक असलेला हा मुलूख नेटवर्कच्या नकाशावर दोन टोकांना जाऊन पडला.

ही तरुणी मूळची हट्ट्याची. जुन्या दगडी बावडीमुळे बाहेरच्या लोकांना हे गाव थोडंफार माहीत असतं. घरी मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी अशा तिन्ही भाषांत ती वाढली. नागपुरात शिकली आणि तिथल्याच एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचं काम करू लागली. २०२३ च्या हिवाळ्यात त्या कंपनीकडे एका धर्मादाय संस्थेचं काम आलं. संस्थेचा मोठा दवाखाना गोंदियात, दुसरा बालाघाटात आणि रक्त तपासणीचं छोटं केंद्र हट्ट्याला. गावच्या मुलीला हे काम द्यावं असं वरिष्ठांना वाटलं, त्यात भाषेचा हिशेब होताच. बालाघाटचा लाइनमन हिंदीत बोलणार, गोंदियाचे डॉक्टर मराठीत आणि हट्ट्याच्या केंद्रावरची माणसं तिन्ही भाषा मिसळून.

मागणी एका वाक्याची होती. गोंदिया बंद पडलं तर बालाघाट चालू राहिलं पाहिजे, बालाघाट बंद पडलं तर गोंदिया, आणि हट्ट्याच्या केंद्राला यातलं काही कळताही कामा नये.

या मागणीमागे सिकलसेल होता. पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार अनेक घरांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. अशी मोहीम म्हणजे शेवटी नोंदींचं काम असतं. हट्ट्यासारख्या केंद्रावर बोटातून रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी होते, संशय आला तर नमुना पुढे पक्क्या तपासणीला जातो, अहवाल परत येतो, आणि पुढची कित्येक वर्षं तो रुग्ण कधी या दवाखान्यात, कधी त्या दवाखान्यात येत राहतो. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात असलेल्या बायका तर हमखास.

तोपर्यंत सर्व्हर एकच होता, गोंदियात. लाइन तुटली की बालाघाटात वही निघायची. वहीतल्या नोंदी नंतर कुणीतरी टाइप करायचं, कधी आठवड्याने, कधी करायचंच नाही.

दोन ठिकाणी सर्व्हर ठेवून त्यांचा क्लस्टर करायचा, म्हणजे एक मुख्य आणि दुसरा त्याची हुबेहूब प्रत घेऊन तयारीत बसलेला, हे ऐकायला सोपं आहे. एकाच इमारतीत ते खरोखर सोपं असतंही. पुस्तकांतली बहुतेक उदाहरणं एकाच खोलीतली असतात. तिथे दोन्ही यंत्रांमध्ये एक तरंगता आयपी पत्ता ठेवतात. मुख्य यंत्र पडलं की राखीव यंत्र तो पत्ता आपल्या अंगावर घेतं आणि सगळ्या स्विचना ओरडून सांगतं की हा पत्ता आता माझ्याकडे आला. काही सेकंदांत काम पुन्हा सुरू. पण ही आरोळी त्याच एका नेटवर्कच्या भिंतींपर्यंतच पोचते. राउटरच्या पलीकडे ती जात नाही. गोंदियाच्या नेटवर्कमधला पत्ता बालाघाटात जाऊन बसूच शकत नाही, कारण बालाघाटच्या राउटरला तो आपला वाटत नाही. नेटवर्क वेगळी झाली की पुस्तकातलं पहिलंच साधन हातातून जातं आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

त्याही आधी एक अडचण निघाली, अगदी घरगुती. दोन्ही दवाखान्यांतले पत्ते सारखेच होते. राउटर विकत आणला, खोक्यातून काढला आणि लावला की आत बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते आधीच ठरलेले असतात. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतला हा गट, आणि जगभर लाखो घरं, दुकानं तोच वापरतात. जोवर दोन दवाखाने एकमेकांशी बोलत नव्हते तोवर काही बिघडत नव्हतं. आता मात्र गोंदियाचा प्रिंटर आणि बालाघाटचं रक्तपेशी मोजण्याचं यंत्र एकाच पत्त्यावर उभं होतं. त्यांच्यामध्ये टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी खासगी वाट, टाकला तर कोणतं पॅकेट कुणाकडे जाणार?

बालाघाटचे सगळे पत्ते बदलायचे ठरलं. कॉम्प्युटर बदलायला वेळ लागला नाही. प्रिंटरांनी जरा त्रास दिला. अडलं ते पेशी मोजण्याच्या यंत्रापाशी. त्याच्या आत सर्व्हरचा पत्ता कोरल्यासारखा बसवलेला आणि तो बदलण्याचा पासवर्ड फक्त यंत्र विकणाऱ्यांच्या तंत्रज्ञाकडे. तो तंत्रज्ञ येईपर्यंत सगळं थांबलं. मोठ्या दवाखान्यांच्या प्रकल्पांत करोडोंचे आकडे बोलले जातात, पण काम कशाने अडतं ते पाहायचं असेल तर अशा एखाद्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसावं.

दोन्ही ठिकाणांमध्ये वायरगार्डचा टनेल टाकला. हे सॉफ्टवेअर २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच येतं, त्यामुळे वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. टनेल लागला, पिंग गेला, सगळे खूश. मग लॅबमधून तक्रार आली की रुग्णाचं नाव दिसतं, वय दिसतं, पण अहवाल उघडला की चाक फिरत राहतं. कारण असं होतं की प्रत्येक पॅकेट टनेलमध्ये जाताना त्यावर आणखी एक वेष्टन चढतं. आधीच काठोकाठ भरलेलं पॅकेट या वेष्टनासकट लाइनच्या मापात मावत नाही. साधारणतः वाटेतलं यंत्र पाठवणाऱ्याला निरोप देतं की लहान तुकडे कर. इथे मधल्या एका फायरवॉलने तसले निरोपच अडवून धरले होते. लहान पॅकेट सुखरूप, मोठी गायब. टनेलचं माप कमी करून दिल्यावर अहवाल उघडू लागले. ज्यांनी ही चूक कधी शोधली आहे त्यांना ठाऊक आहे की पूर्ण बंद पडलेल्या लाइनपेक्षा अशी अर्धवट चालणारी लाइन जास्त वेळ खाते.

तरंगत्या पत्त्याला पर्याय म्हणून डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा, विचार झाला. नाव तेच ठेवायचं, पण मुख्य यंत्र बदललं की त्यामागचा पत्ता बदलायचा. कागदावर एका मिनिटात होतं. प्रत्यक्षात काही प्रोग्रॅम एकदा मिळालेला पत्ता बंद होईपर्यंत सोडतच नाहीत आणि दवाखान्यातले कॉम्प्युटर महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. म्हणून तिने दुसरा मार्ग घेतला. गोंदिया, बालाघाट आणि हट्टा, तिन्ही ठिकाणी एचएप्रॉक्सीचं एक छोटं यंत्र बसवलं. कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर फक्त आपल्याच इमारतीतल्या या यंत्राशी बोलतात. ते यंत्र दर काही सेकंदांनी दोन्ही सर्व्हरना विचारतं, मुख्य कोण? जो हो म्हणेल त्याच्याकडे काम पाठवतं. हट्ट्याच्या केंद्रातून गोंदियाला एक टनेल आणि बालाघाटला एक. कोणतं दार उघडं आहे हे तिथल्या नोंदणी करणाऱ्या ताईंना बघायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न उरला. मुख्य कोण हे ठरवणार कोण?

दोनच सर्व्हर आहेत आणि मधली लाइन तुटली. गोंदियाला वाटतं बालाघाट मेलं. बालाघाटला वाटतं गोंदिया मेलं. दोघेही जिवंत आणि दोघेही स्वतःला मुख्य म्हणवून नव्या नोंदी लिहू लागतात. लाइन परत आली की एकाच रुग्णाच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या हातात राहतात आणि खरी कोणती ते यंत्राला सांगता येत नाही.

असं मोठमोठ्यांचंही झालं आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या संकेतस्थळाच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राशी असलेला संपर्क उपकरण बदलताना तुटला. तुटला तो फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींना मुख्य करून टाकलं. पण पूर्वेकडे शेवटच्या क्षणी लिहिलेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचलेल्याच नव्हत्या आणि पश्चिमेने तोवर नव्या लिहायला घेतल्या. दोन्हीकडचा मेळ घालून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ते वाचावं इतकं ते प्रामाणिक आहे.

गिटहबवर प्रोग्रॅम होते. इथे औषध होतं. सिकलसेलच्या बऱ्याच रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. या गोळीने त्रासाचे झटके कमी होतात, पण ती रक्तपेशींची संख्याही खाली आणू शकते, म्हणून ठरावीक काळाने पेशी मोजाव्या लागतात आणि त्याप्रमाणे मात्रा कमी करावी लागते किंवा गोळी काही दिवस थांबवावी लागते. समजा गोंदियाच्या डॉक्टरांनी पेशी कमी झाल्या म्हणून सकाळी गोळी थांबवली आणि त्याच वेळी तुटलेल्या लाइनच्या पलीकडे बालाघाटच्या पडद्यावर कालचीच मात्रा दिसते आहे. रुग्ण माहेरी आली आहे आणि खिडकीवर गोळ्या मागते आहे.

हे उदाहरण तिने डॉक्टरांच्या बैठकीत मांडलं. तोवर चर्चा खर्चाची आणि वेगाची चालली होती. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ती तिथेच थांबवली. ते म्हणाले, “हे पाहा ताई, बंद पडलं तर आम्ही वही काढू. पण चालू असल्यासारखं दाखवून जुनं दाखवू नका.” संपूर्ण रचनेचा पाया या वाक्याने घातला गेला. सतत चालू राहणं हे ध्येय घेऊन सगळे बसले होते, आणि उठताना ठरलं की ज्याला खात्री नाही त्याने लिहिणं थांबवायचं. त्या बाजूला जुन्या नोंदी वाचता येतील, पण पडद्यावर लाल पट्टीत शेवटची खरी वेळ दिसेल आणि औषधाची नवी नोंद होणार नाही. माझ्या मते कोणत्याही क्लस्टरचं काम यंत्रं आणण्याआधी इथून सुरू व्हायला हवं. संपर्क तुटल्यावर काय बंद ठेवायचं हे तंत्रज्ञाने एकट्याने ठरवायचं नसतं, ज्यांच्या सहीने औषध जातं त्यांनी ठरवायचं असतं.

खात्री आहे की नाही हे ठरवायला तिसरं मत लागतं. सहकारी संस्थेच्या सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच इथे तीनपैकी दोघांचं एकमत असल्याशिवाय कुणी मुख्य होऊ शकत नाही. तिसऱ्याकडे रुग्णांची माहिती नसली तरी चालते, त्याने फक्त मत द्यायचं. लाइन तुटली की ज्याला तिसरा दिसतो तो मुख्य. ज्याला कुणीच दिसत नाही तो आपणहून खाली उतरतो. डेटाबेस पोस्टग्रेसचा, मुख्य कोण हे हाताळणारी पॅट्रोनी आणि मतांची नोंद ठेवणारी ईटीसीडी, अशी ही जुळणी. ईटीसीडीच्या मुळाशी राफ्ट नावाची पद्धत आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी ती मांडली, आणि समजायला सोपी असावी हाच तिचा हेतू होता.

तिसरं मत कुठे ठेवायचं? संस्थेच्या विश्वस्तांनी लगेच हट्टा सुचवलं. जागा आपली, केंद्र आपलं, खर्च नाही, वर सोलर पॅनेल. तिलाही ते मनातून आवडलं. आपल्या गावातलं एक यंत्र दोन शहरांचा निकाल देतंय, यात समाधान नाही असं कोण म्हणेल?

मग तिने एक तक्ता केला. प्रत्येक गोष्ट एकेक करून मोडायची आणि तिच्याबरोबर आणखी काय मोडतं ते लिहायचं. हट्ट्याचं इंटरनेट येत होतं बालाघाटकडून. म्हणजे बालाघाटच्या अलीकडे कुठे फायबर तुटली तर बालाघाट आणि हट्टा एकदमच दिसेनासे होणार. गोंदिया धडधाकट असूनही तीनपैकी एकच मत घेऊन एकटं पडणार आणि नियमाप्रमाणे लिहिणं थांबवणार. ज्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप करायचा, त्याच प्रसंगात गोंदिया बंद! तिसरं मत संख्येने तिसरं असून उपयोग नाही, ते दोघांपैकी कुणाच्याही अपघातात सापडता कामा नये. शेवटी ते नागपूरच्या एका डेटा सेंटरमध्ये गेलं. तिथे गोंदिया महाराष्ट्रातल्या जाळ्यातून पोचतं आणि बालाघाट जबलपूरकडून फिरून. दोघांच्या वाटा वेगळ्या. हट्ट्याकडे मत राहिलं नाही.

वेगाचा हिशेबही याच टप्प्यावर आला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ४० किलोमीटर जाऊन यायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. पण मुंबईच्या फेऱ्यामुळे इथे ४० ते ५० मिलिसेकंद लागत होते आणि गर्दीच्या वेळी त्याहून बरेच जास्त. गिटहबसारखी गत होऊ नये म्हणून नोंद दोन्ही सर्व्हरवर लिहून झाल्यावरच पडद्यावर ‘झालं’ दाखवायचं, असं ठरलं होतं. म्हणजे प्रत्येक नोंदीला हा फेरा. एका नोंदीला तो जाणवत नाही. पण पेशी मोजणारं यंत्र एकेका नमुन्याचे वीसेक आकडे वेगवेगळे पाठवू लागलं की रांग लागायची. शिवाय ईटीसीडीचे ‘मी जिवंत आहे’ असं सांगणारे मूळ ठोके एकाच खोलीतल्या यंत्रांच्या बेताने ठेवलेले असतात, १०० मिलिसेकंदाला एक ठोका आणि १,००० मिलिसेकंद काही ऐकू आलं नाही की नवी निवडणूक. या लाइनवर संध्याकाळी उगीचच निवडणुका व्हायच्या. ठोके सैल केले, तेव्हा ते थांबलं. तरी हा वळसाच काढून टाकायला हवा होता. गोंदिया आणि बालाघाट थेट जोडणारी लाइन घ्यायला हवी होती.

एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये जाणारी लाइन ही कायद्याच्या दृष्टीने लांब पल्ल्याची, अंतर नदीच्या पुलाएवढं असलं तरी. तसा परवाना असलेल्या कंपनीकडूनच ती घ्यावी लागते. संस्थेने ती घेतली. आणि एकीवर विसंबायला नको म्हणून दुसऱ्या कंपनीकडून दुसरीही घेतली. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं. कागदावर सगळं चोख.

दुसरी लाइन जोडायला आलेला लाइनमन बालाघाटच्या दवाखान्यात चहा पीत बसला होता. तिने सहज विचारलं, ही केबल नेमकी जाते कुठून? तो म्हणाला, “ताई, कंपन्या दोन असतील, पण नाली तर एकच आहे ना. राजेगावच्या पुलावर तर दोन्ही एकाच पाइपात आहेत.” एका कंपनीने खोदलेल्या नालीत दुसरीने जागा भाड्याने घेतलेली. यात बेकायदा काही नाही, सगळीकडे असंच चालतं. दुसऱ्या दिवशी ती त्या लाइनमनला बरोबर घेऊन रस्त्याच्या कडेने गेली. खांब, चेंबर, पुलाच्या कठड्याला बांधलेला पाइप, रस्ता रुंदीकरणासाठी उभं असलेलं जेसीबी. ते सगळं तिने वहीत उतरवून घेतलं. त्या जेसीबीच्या एका घासात दोन्ही करार गेले असते.

मुंबईत हे घडून गेलेलं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजार बंद व्हायची नेहमीची वेळ तेव्हा उलटून गेली होती, म्हणून त्या दिवशी तो ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजकडे दोन कंपन्यांच्या दूरसंचार लाइन होत्या. दोन्हींमध्ये एकाच वेळी बिघाड झाला आणि त्याचं कारण म्हणून केंद्रांमधल्या रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम सांगण्यात आलं. त्यातून साठवणुकीची यंत्रणा अडली आणि जोखीम मोजणारी यंत्रणा चालेना. चेन्नईचं राखीव केंद्र होतं, पण त्या दिवशी व्यवहार तिकडे नेले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव व्यवस्थेवर काम सुरू करायचं. मार्च आणि मे २०२४ मध्ये शनिवारी खास सत्रं घेऊन बाजार मुद्दाम राखीव केंद्रावरून चालवून पाहण्यात आला. देशातल्या सगळ्यात मोठ्या शेअर बाजाराला जे रस्त्याच्या खोदकामाने शिकवलं, ते बालाघाटातल्या एका लाइनमनला आधीच ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं, एवढंच.

दुसरी लाइन बदलून रुळाच्या कडेने गेलेल्या फायबरवर घेतली. रेल्वेचा बाघ नदीवरचा पूल वेगळा, रस्त्याचा वेगळा. रुळाच्या बाजूने रस्तारुंदीचं जेसीबी फिरकत नाही. लाइन महाग पडली आणि मिळायला वेळ लागला, कारण शेवटचा तुकडा स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत नव्याने टाकायचा होता. विश्वस्तांनी विचारलं की आहे त्या दोन लाइनना काय झालं. तिने वहीतला नकाशा पुढे ठेवला. सही झाली.

मग चाचणी. ती रात्री गुपचूप करावी असं काहींचं म्हणणं होतं. तिने ती दिवसा, डॉक्टर आणि परिचारिकांना आधी सांगून, हट्ट्याच्या केंद्रावर नोंदणी सुरू असतानाच केली. गोंदियाच्या सर्व्हरची वीज काढली. पॅट्रोनीचा मुख्यपदाचा करार ३० सेकंदांचा असतो, तो संपेपर्यंत कुणी पुढे सरकत नाही. हट्ट्याच्या पडद्यावर चाक फिरलं, थांबलं आणि बालाघाटकडून उत्तर आलं. नोंदणी करणाऱ्या ताईंनी पुढचं नाव विचारलं. नंतर दोन्ही लाइन एकदम काढल्या. ठरल्याप्रमाणे एक बाजू मुख्य राहिली आणि दुसऱ्या बाजूला लाल पट्टी आली. याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. बालाघाटात वीज गेल्यावर सर्व्हर बॅटरीवर शांतपणे चालू राहिला, पण राउटर भिंतीवरच्या साध्या प्लगला होता आणि तो मेला. लाखोंची यंत्रं जिवंत आणि दोन हजारांच्या डब्यामुळे सगळं मुकं. राउटर त्याच संध्याकाळी बॅटरीवर आला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची लाइन तुटली. दवाखान्यात कुणालाच कळलं नाही. नोंदी चालू, अहवाल चालू, फोन नाही, तक्रार नाही. यासाठीच सगळं केलं होतं. पण नेमकी हीच वेळ काळजीची असते, कारण व्यवस्था आता एकाच लाइनवर उभी असते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. पूर्वी लाइन तुटली की दहा माणसं ओरडायची आणि ती दुरुस्त व्हायची. आता ओरडणारं कुणी नाही, म्हणून ते काम यंत्राला लावावं लागतं. एक लाइन गेली की तिच्या, दवाखान्याच्या व्यवस्थापकाच्या आणि लाइनमनच्या फोनवर एकदम निरोप जातो आणि दुरुस्तीची वेळ लिहिली जाईपर्यंत दर तासाला पुन्हा जातो. लाइनमनचं नाव त्या यादीत घालायचा आग्रह तिचा होता.

आता हट्ट्याच्या केंद्रावर येणाऱ्याला गोंदिया चालू आहे की बालाघाट हे माहीत नसतं. पेशी कमी म्हणून एका ठिकाणी थांबवलेली गोळी दुसऱ्या ठिकाणी थांबलेली दिसते. मुख्य आणि राखीव यांची अदलाबदल ठरलेल्या तारखेला मुद्दाम केली जाते आणि तेव्हा एक डॉक्टर समोर बसतात.

नदीच्या दोन बाजूंना, दोन तालुक्यांत, दोन जिल्ह्यांत दवाखाना, पतसंस्था किंवा शाळा चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. दुसऱ्या लाइनचं बिल भरण्याआधी ती कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून आणि कुणाच्या नालीतून येते, ते कंपनीकडून लेखी मागा. संपर्क तुटल्यावर कोणत्या बाजूने काम थांबवायचं ते कागदावर लिहा आणि त्याखाली जबाबदार माणसाची सही घ्या. आणि तुमच्या गावच्या लाइनमनला एकदा चहाला बोलवा.